तारे पाहण्यास योग्य, इतर कशासही अयोग्य

तारे पाहण्यासाठी जागा निवडण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्याचा अभ्यास करू लागलेल्याच्या ध्यानात सर्वप्रथम ही गोष्ट येते की, इतर सर्व व्यवहारांत जागेचे जे दोष मानले जातात, ते येथे गुण ठरतात. प्लॉट विकत घेणारा मनुष्य रस्ता, वीज, पाणी, शेजार आणि मोबाइलची रेंज पाहतो. ताऱ्यांसाठी जागा शोधणारा मनुष्यही नेमक्या याच पाच गोष्टी पाहतो, आणि त्यांपैकी एकही नाही असे कळले की समाधानाने मान डोलावतो. चिली देशातील अटाकामाच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, झाडझाडोरा नाही, वस्ती नाही; अशा ठिकाणी मुलगी देण्यास कोणी तयार होणार नाही, पण युरोपीय देशांनी मिळून तेथे पॅरानल नावाच्या डोंगरावर, २६३५ मीटर उंचीवर, जगातील अत्यंत महागड्या दुर्बिणी नेऊन बसवल्या आहेत.

या शास्त्राचा मुख्य शत्रू प्रकाशप्रदूषण हा होय. माणसाने लावलेल्या दिव्यांचा जो उजेड जमिनीवर न पडता वर किंवा आडवा निसटतो, तो हवेतील धूळ, बाष्प आणि खुद्द हवेचे रेणू यांच्यावर आदळून पुन्हा खाली विखुरतो. त्यामुळे आकाशाची पार्श्वभूमी उजळते आणि मंद तारे तिच्यात बुडून जातात. हा बिघाड किती झाला आहे हे सांगण्यासाठी जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या नऊ इयत्ता ठरवून दिल्या. पहिल्या इयत्तेच्या आकाशात धनू आणि वृश्चिक राशींजवळचा आकाशगंगेचा दाट पट्टा इतका तेजस्वी दिसतो की त्याची जमिनीवर पुसटशी सावली पडते. नवव्या इयत्तेच्या, म्हणजे महानगराच्या मध्यभागातील आकाशात चंद्र, ग्रह आणि मोजके ठळक तारे तेवढे उरतात. मूल पहिलीतून नववीत गेले की त्याला प्रगती म्हणतात, आणि गाव पहिलीतून नववीत गेले तरी त्याला प्रगतीच म्हणतात. मात्र गावाला वरच्या वर्गात घालण्यासाठी आमदारांना बोलावून नारळ फोडला जातो, हा मान मुलाच्या वाट्याला येत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव या अभ्यासाला फार सोयीचे आहे, कारण ते कोठेच टोकाला नाही. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे निघाले की ते लागते. किल्ल्यातील पाणीमहालामुळे नळदुर्गला लोक गाडी थांबवतात आणि जेवणासाठी पुढे एखाद्या धाब्यावर. या दोन थांब्यांच्या मध्ये जी गावे येतात ती प्रवासी खिडकीतून पाहतात, किंवा पाहतही नाहीत. पर्यटनाच्या दृष्टीने ही उणीव असली तरी वर मांडलेल्या तत्त्वानुसार ती पात्रताच होय. सोलापूरसारखे मोठे शहर येथून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि शहराचा उजेड अंतराबरोबर कसा घटतो याचा मर्ल वॉकर यांनी १९७७ साली दिलेला ढोबळ नियम असा की, अंतर दुप्पट झाले की आकाशातील लाली निम्मी न होता साडेपाच पटींहून अधिक कमी होते. तात्पर्य, सोलापूरने काहीही केले तरी जळकोटचे फारसे बिघडत नाही. जे बिघडते ते जळकोटचे जळकोटच बिघडवते.

गावाचा अक्षांश सुमारे १७.८ अंश उत्तर आहे, आणि ही बाब कोणत्याही ग्रामसभेत कधी चर्चेस आली नसली तरी तीच या गावाची सर्वांत मोलाची इस्टेट आहे. विषुववृत्ताच्या जितके जवळ जावे तितके दक्षिणेचे आकाश अधिक वर येते. त्यामुळे अगस्ती हा रात्रीच्या आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा जळकोटहून क्षितिजावर साडेएकोणीस अंशांपर्यंत चढतो. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, म्हणजे हा तारा जवळजवळ दोन मुठी वर येतो. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताराप्रणालीतील मित्र साडेअकरा अंशांपर्यंत, आणि विश्वामित्राने अधांतरी ठेवलेला त्रिशंकू नऊ ते पंधरा अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे पौराणिक कथेला शोभेल अशा रीतीने ना धड वर ना धड खाली, उभा असलेला दिसतो.

आता याची तुलना लडाखमधील हानले या ठिकाणाशी करून पाहावी. हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिच्याभोवतीचा १०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश देशातील पहिले रात्र-आकाश अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला. तेथील घरांना जाड पडदे लावले आहेत, गाड्यांच्या दिव्यांवर बंधने आहेत, आणि गावातील तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे शिक्षण दिले आहे. आकाशाच्या काळोखाबाबत या ठिकाणाशी बरोबरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि हानलेचा अक्षांश ३२.८ अंश असल्यामुळे तेथून अगस्ती जेमतेम साडेचार अंश वर येतो, आणि मित्र व जवळजवळ सगळा त्रिशंकू डोंगरांआड नव्हे तर पृथ्वीआडच राहतात. जळकोटचा एखादा उत्साही गृहस्थ सोलापूरला रेल्वे पकडून दिल्ली, दिल्लीहून विमानाने लेह आणि लेहहून सुमारे अडीचशे किलोमीटर मोटारीने हानले गाठतो, तेव्हा तो घरच्या शिवारातून दिसणारे काही तारे गमावण्यासाठी एवढा खर्च करत असतो, ही गोष्ट सहलीच्या जाहिरातीत छापलेली नसते.

याला आणखी एक शरीरशास्त्रीय पुरवणी आहे. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यातील दंडपेशी करतात, आणि त्यांना प्राणवायूची भूक फार. विरळ हवेत सर्वांत आधी त्याच मंदावतात. म्हणून अतिउंच ठिकाणी दुर्बिणीला अधिक तारे दिसतात, पण नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या, दम लागलेल्या, डोके धरून बसलेल्या माणसाला ते दिसतीलच असे नाही. हवाई बेटांवरील मौना केआ या ४२०५ मीटर उंचीच्या शिखराविषयीही हेच सांगतात, आणि तेथे जाणाऱ्या पाहुण्यांना तारे पाहण्यासाठी वाटेतच, बरेच खाली थांबण्याचा सल्ला दिला जातो. एवढ्या उंचीवर जाऊन धाप लागण्यात जे श्रेय आहे ते घरी सांगण्यापुरतेच आहे.

महाराष्ट्रात या विषयातील सर्वोच्च सन्मान जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला मिळाला. देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि सिल्लारी परिसरात आकाशनिरीक्षणाची सोय झाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलून ते जमिनीकडे तोंड करून बसवण्यात आले. मात्र या यशाचे श्रेय वाटताना वाघाला विसरून चालणार नाही. ज्या प्रदेशात सूर्यास्तानंतर माणसाने हॉटेल, मंगल कार्यालय आणि पेट्रोल पंप काढला नाही, तो त्याच्या संयमामुळे नव्हे तर वाघाच्या धाकामुळे. ताऱ्यांना राखण्यासाठी समित्या नेमाव्या लागतात, वाघ ते काम ठरावाशिवाय करतो. जळकोटच्या शिवारात वाघ नाही. तेथे रानडुकरे आणि साप आहेत, पण त्यांच्या भीतीने मनुष्य दिवा विझवत नाही, उलट अधिक मोठा घेतो.

येथे थोडे मागे जाणे इष्ट आहे, कारण ‘कोठे उभे राहून पाहावे’ हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून दख्खनमध्ये शिरणार होती, आणि जगभरचे ज्योतिर्विद त्या छायेच्या पट्ट्यात सोयीची जागा शोधत होते. इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला. त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे तेथे आजही ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात. लोकस्मृतीने पुढे हा मुक्काम तीस वर्षे मागे नेऊन १८६८ च्या ग्रहणाला जोडला आणि हेलियमचा शोधही त्याच कट्ट्यावर लावून टाकला. वास्तविक १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी मात्र किनारा, किल्ला आणि समुद्राचे वारे हे सर्व सोडून सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर निवडले, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तेच.

जेऊरचे वैशिष्ट्य काय, असे त्या वेळी जेऊरमध्ये कोणी विचारले असते तर उत्तर देणे गावकऱ्यांना जड गेले असते. ग्रहणाच्या छायेत असणे हे गावाच्या हाती नव्हते. बाकी तेथे कोरडी हवा होती, जानेवारीत ढगांचा त्रास नव्हता, आणि चाळीस फूट लांबीच्या कॅमेऱ्यासारखी अवजड सामग्री उतरवून घेण्यासाठी रेल्वेचे स्टेशन होते. सारांश, दुष्काळी पट्ट्याने ज्या आभाळाकडे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून पाहिले, त्याच निरभ्र आभाळासाठी अमेरिकेतून माणसे बोटीने आली आणि जेमतेम दोन मिनिटांचा सूर्य पाहून तृप्त होऊन गेली. ढग नाहीत याचा आनंद झालेले पाहुणे या भागाने बहुधा तेवढेच पाहिले असतील.

त्या काळी जळकोट निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याची स्वतःची वेधशाळाही होती. नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या दुर्बिणीपासून सुरू केलेली निजामिया वेधशाळा त्यांच्या पश्चात १९०८ मध्ये सरकारने ताब्यात घेऊन हैदराबादच्या बेगमपेठेत आणली, आणि साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिला आकाशाचा एक पट्टा वाटून मिळाला. खालच्या जमिनीची मोजणी चालू असताना वरच्या ताऱ्यांचीही मोजणी करणारे हे राज्य होते, आणि वरच्या कामात हद्दीवरून भांडणे झाल्याची नोंद नाही. पुढे हैदराबाद वाढले, दिवे वाढले, आणि १९६० च्या दशकात मोठ्या दुर्बिणीसाठी शहराबाहेर जपाल-रंगापूर येथे जागा घ्यावी लागली. नंतर शहर त्या दिशेनेही वाढत गेले. वेधशाळेने पुढे पळावे आणि उजेडाने मागून यावे, हा या शास्त्राच्या इतिहासातला नित्यक्रम आहे. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने मात्र १९५८ सालीच जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवण्यावर बंदी घातली आणि स्पेनच्या ला पाल्मा बेटासाठी १९८८ मध्ये आकाश राखण्याचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे पळणे हाच एक उपाय आहे असे नाही.

जळकोटसारख्या गावात उजेडाची आवक तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग महामार्गाचा. त्यावर गावाचा अधिकार नाही, परंतु रस्ता स्थूलमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असल्यामुळे त्याच्या दक्षिणेला, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले की अगस्ती, मित्र आणि त्रिशंकू यांच्या वाटेत ट्रकचे दिवे येत नाहीत, ही सोय भूगोलाने करून ठेवली आहे. उत्तरेला उभा राहणारा मात्र ध्रुवतारा पाहू शकेल, जो वर्षभर जागचा हलत नाही आणि म्हणूनच ज्याला पाहण्याची कोणी घाई करत नाही. दुसरा मार्ग हायमास्टचा. उंच खांबाच्या माथ्यावर चारी दिशांना तोंडे केलेला हा दिव्यांचा घोस खालच्या चौकापेक्षा वरच्या आकाशाला आणि शेजारच्या माडीला अधिक उजेड देतो, आणि त्याच्या बुडाशी कोणाच्या निधीतून तो उभा राहिला हे सांगणारा फलक असतो. तो फलक रात्री वाचता यावा एवढा उजेड हवाच, अशी या योजनेमागची भूमिका असावी. पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा प्रकाश अधिक, आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा हे दिवे आकाशाला अधिक बाधतात.

तिसरा मार्ग फिरता आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास पावसाने धुतलेले, थंडीने स्थिरावलेले आकाश वर्षातील सर्वांत सुंदर होते. अशा रात्री बांधावर उभे राहून कोणी कृत्तिकेतील तारे मोजू लागला, की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रंगीबेरंगी लुकलुकणाऱ्या माळा लावून आणि कर्ण्यावर गाणी लावून समोरून येतो. डोळ्याला अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, कारण दंडपेशींतील प्रकाशसंवेदी द्रव्य सावकाश भरून येते. ट्रॅक्टर मात्र दर पंधरा मिनिटांनी येतो. या दोन आकड्यांवरून हंगामातील निरीक्षणाचे फलित कोणासही काढता येईल.

या भागात रात्रभर खरोखर आकाशाखाली उभा राहणारा एकच वर्ग आहे, तो म्हणजे शेतीपंपाला रात्रपाळीची वीज आल्यामुळे दारे धरण्यास गेलेला शेतकरी. अंधार, एकांत, दीर्घ निरीक्षणकाळ आणि ऋतुमानाप्रमाणे पुनरावृत्ती ही संशोधकाची सर्व साधने त्याच्यापाशी असतात. त्याची नजर तेवढी साप आणि वाफा यांच्यातून वर निघत नाही. जुनी माणसे मात्र वर पाहत. सप्तर्षींच्या चौकोनाला ती म्हातारीची बाज म्हणत आणि शेपटाच्या तीन ताऱ्यांना ती बाज पळवणारे चोर; एवढ्या वर्षांत चोर पकडले गेले नाहीत आणि बाजही चोरीला गेली नाही. नक्षत्रांशी या शेतकऱ्याचा व्यवहार आजही जिवंत आहे, पण त्यातही एक गंमत आहे. जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणतात, याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला; आणि जेथे सूर्य तेथील तारे दिवसाच्या उजेडात गेलेले. म्हणजे ज्या नक्षत्राचे नाव गावभर घेतले जाते, त्याचे वाहन बेडूक की गाढव यावर पारावर चर्चा होते, ते नक्षत्र नेमके त्याच पंधरवड्यात कोणालाही दिसू शकत नाही. हाच मृग डिसेंबर-जानेवारीत रात्रभर डोक्यावरून जातो, तेव्हा त्याची चौकशी कोणी करत नाही.

जागेइतकाच वेळेचाही विचार या शास्त्रात करावा लागतो, आणि तेथे मराठी संस्कृतीचा कल सरळसरळ चंद्राकडे आहे. कोजागरीला दूध आटते, आणि त्याच पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरकडे पायी निघालेल्यांनी रस्ता फुलून जातो. चांदण्यातल्या चालण्यासाठी रात्र उत्तम, पण पौर्णिमेच्या चंद्रापुढे आकाशगंगा टिकत नाही. ताऱ्यांसाठी हवी अमावस्या, आणि अमावस्येला तर घरातील ज्येष्ठ मंडळी बाहेर पडू देत नाहीत. यातून एक व्यवहार्य पद्धत निघते: सोलापूरचे दाते पंचांग घरोघरी असतेच, ते उघडून लग्नाचे मुहूर्त पाहावेत आणि अमावस्येच्या आसपास जेथे एकही मुहूर्त नाही तो दिवस धरावा. त्या रात्री चंद्र नसतो, मंगल कार्यालय बंद असते, आकाशात झोत फिरवणारे शार्पी दिवे ट्रकमध्ये निजलेले असतात आणि डीजेवाला घरी असतो. पंचांगकर्त्यांनी ज्या तिथी टाकल्या, त्या त्यांनी नकळत ज्योतिर्विदांसाठी राखून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर निजण्याची जागा आयतीच असते, आणि मे महिन्याच्या मध्यावर अशा एखाद्या टाकलेल्या तिथीला रात्री साडेनऊच्या सुमारास वीज गेली, तर त्रिशंकू दक्षिणेला ताठ उभा सापडतो; खालच्या गल्लीत मात्र त्या वेळी सर्वांचे लक्ष ट्रान्सफॉर्मरकडे असते.

अमावस्येच्या या बहिष्काराला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत एक ठळक अपवाद आहे, आणि तो असा की त्याच्यापुढे हानले आणि पेंच येथील नियोजनही फिके वाटावे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, जिला घरोघरी येळवस म्हणतात, ती डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. त्या दिवशी गावे ओस पडतात; ज्याचे शेत आहे तो शेतात जातो आणि ज्याचे नाही त्याला कोणीतरी आग्रहाने नेतो. कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि भज्जी, उंडे, खीर व मडक्यातील आंबील यांचा भर दुपारी असा समाचार घेतला जातो की पंगतीतून उठण्यासाठी हात द्यावा लागतो. हवा कोरडी, ढग नाहीत, चंद्र नाही, साऱ्या जिल्ह्याची माणसे दिवे-पंखे सोडून उघड्या रानात, आणि तीही कोणत्याही संस्थेच्या आवाहनाशिवाय. जगातील कोणत्याही खगोल मंडळाने वर्षभर पत्रके वाटली तरी त्याला इतकी उपस्थिती मिळणार नाही.

आणि सूर्य मावळतीला आला की हे सर्व लोक घरी जातात. संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवला जातो, बैलगाड्यांची जागा घेतलेल्या ट्रॅक्टरमध्ये आणि मोटारसायकलींवर मंडळी दाटीवाटीने बसतात, आणि पश्चिमेची लाली पुरती विझण्यापूर्वी शिवार मोकळे होते. त्यानंतर डोक्यावर देवयानी दीर्घिका येते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारी पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ताऱ्यांची वस्ती. पूर्वेकडून रोहिणी आणि मृग चढतात, त्यांच्यामागून व्याध येतो, आणि त्यानंतर थोड्या वेळाने आग्नेयेला अगस्ती उगवतो. रात्री शेतात थांबण्याचा विचार कोणी बोलून दाखवलाच, तर त्याला अमावस्येची आठवण करून दिली जाते. दिवसभर त्याच अमावस्येत सर्वांनी काढल्याचे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही ज्याला थांबायचेच असेल त्याने रानडुकरांच्या राखणीचे कारण पुढे करावे, कारण ते गावात मान्य होते आणि ताऱ्यांचे होत नाही. जाड पांघरूण, बॅटरीच्या काचेवर चिकटवण्यासाठी तांबडा कागद आणि उरलेली भज्जी एवढे सामान पुरते. मोबाइल कोपीतच ठेवावा, कारण त्याच्या पडद्याकडे एकदा पाहिले की अर्ध्या तासाची कमाई जाते. आंबील मात्र अगस्ती उगवेपर्यंत पिऊ नये. आंबिलीचा दुसरा गडवा रिचवल्यानंतर कोणी त्या रात्री व्याध पाहिला असे सांगत असेल, तर त्याची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी कोपीतील घोरण्याची चौकशी करावी.